गोकुळपेठेजवळ लॉफ्टवाला 1 बीएचके घेऊ का? (चौथा मजला, टोकन देऊन बसले आहे)

पिंपळपान | 6 एप्रिल, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. वाचते बरीच वर्षं, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

वय 31, नोकरी नागपुरात, मिहानमध्ये (विमानतळाजवळचा कंपन्यांचा पट्टा), एकटी राहते. आई-बाबा यवतमाळला. सहा वर्षं प्रतापनगरात मैत्रिणीसोबत भाड्यानं राहिले. तिचं लग्न झालं आणि अख्खं भाडं माझ्या अंगावर आलं. म्हटलं, आता भाडं भरायचं ते स्वतःच्या घराचं.

महिनाभर फिरून एक फ्लॅट पाहिला आणि तिथंच फसले (चांगल्या अर्थानं, असं सध्या तरी वाटतंय). गोकुळपेठेच्या मागच्या बाजूला, चार मजली इमारत, सगळ्यात वरचा मजला. दार उघडलं की साडेतेरा फूट उंच हॉल. डाव्या हाताला काळा लोखंडी जिना, वर लाकडी फळ्यांची जमीन केलेली झोपायची खोली, कठड्याला काच. खाली स्वयंपाकघर, न्हाणी आणि एक बाल्कनी, तिथून कडुनिंब दिसतो. ब्रोकर त्याला 'स्टुडिओ लॉफ्ट' म्हणतो. मी जिन्यावर चौथ्या पायरीवर बसले आणि मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले.

हिशेब असा: खाली 400 चौरस फूट, वर 150. एकूण 550, भाव 8,400, म्हणजे 46 लाख 20 हजार. पार्किंग त्यातच. इमारत तयार आहे, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आलेलं आहे. 21 हजार टोकन दिलंय चेकनं. बिल्डर म्हणतो, महिन्याभरात करारनामा करा, दुसरे लोक पाहून राहिले.

घेऊ का? आणि काय काय विचारू?

बर्डीचा_बाप्पा | 6 एप्रिल, रात्री 11:12

46 लाखात 1 बीएचके? बाप्पा! थोडं बेस्याकडे सरका ना जी, तेवढ्यात 2 बीएचके पाहायला मिळन. अन् त्याले जिना चढून झोपाले जा लागत नाही.

पिंपळपान | 6 एप्रिल, रात्री 11:30

बाप्पा, बेसा पाहिलं. घर मोठं मिळतं, मान्य. पण माझ्याकडे गाडी नाही आणि घ्यायचीही नाही. इथून चालत मेट्रो गाठता येते, एक्वा लाइननं सीताबर्डी, तिथं बदलून ऑरेंजनं खापरी, पुढं कंपनीची बस. रात्री साडेनवाला परत आले तरी रस्त्यावर माणसं असतात, भाजी मिळते. एकटीला हे दोन बीएचकेपेक्षा मोठं वाटतं.

माहेर_महाल | 7 एप्रिल, सकाळी 7:05

पोरी, पडदे नंतर लाव. आधी मला सांग, वरच्या खोलीला खिडकी आहे का?

माझं लहानपण महालातल्या वाड्यात गेलं. आम्हालाही माडी होती, सागवानी जिना होता, आणि पाहुण्यांना ती फार आवडायची. दिवाळीत. एप्रिल लागला की माडीवर फक्त वाळवणाचे डबे आणि आजोबांची जुनी पेटी. माणसं खाली ओसरीत नाहीतर अंगणात बाजा टाकून. दुपारी माडीवर विसरलेला चष्मा आणायला कोण जाईल यावरून भावंडांत भांडणं व्हायची, इतकी ती तापायची. त्यावर कौलं होती, तुझ्यावर तर उघडा स्लॅब आहे. दिवसभर ऊन पिऊन तो रात्री दोनपर्यंत खाली सोडत राहतो. आणि गरम हवा वर जाते हे तर शाळेत शिकवतात.

आता कूलर. आपल्याकडचा कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. ती हवा घरातून जाऊन दुसऱ्या खिडकीतून बाहेर निघाली तर गार वाटतं, नाही निघाली तर घर म्हणजे न्हाणीघर. तुझा कूलर लागणार खाली बाल्कनीत, आणि तू झोपणार वर, जिथं सगळी दमट गरम हवा जाऊन बसणार. एसी लावशील म्हण, पण साडेतेरा फुटांचा हॉल गार करायचा, म्हणजे बिलाकडे पाहायचं नाही.

मे महिन्यात दुपारी तीन वाजता जा. एप्रिलमध्ये सकाळी अकराला पाहिलेलं घर नागपुरात मोजत नसतात.

तर्री_कमी | 7 एप्रिल, सकाळी 9:20

काकूंना +1. एक मूलभूत शंका: पहाटे तीनला न्हाणीत जायचं तर झोपेत लोखंडी जिना उतरायचा का?

स्लॅबवाला | 7 एप्रिल, रात्री 9:48

मी याच धंद्यात आहे, 18 वर्षं साइटवर काढली. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

'लॉफ्ट' हा शब्द ब्रोकर वेगळा वापरतो आणि नियमावली वेगळा. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत लॉफ्ट म्हणजे सामान ठेवायचा माळा, उंची जास्तीत जास्त 1.5 मीटर. म्हणजे पाच फूटसुद्धा नाही. माणूस उभा राहून वावरतो ती जागा लॉफ्ट नव्हे, ते मेझनाइन, म्हणजे पोटमजला. अन् पोटमजला मंजूर नकाशात दाखवावा लागतो. राष्ट्रीय इमारत संहितेत त्याची उंची किमान 2.2 मीटर सांगितली आहे, साधारण सव्वासात फूट.

आता तुमचं गणित करा. 13.5 फुटांत खालच्या खोलीला 7 फूट सोडले, मधल्या सांगाड्याचे अन् फळ्यांचे 5 इंच. वर उरले जेमतेम 6 फूट. बीमखाली आणखी कमी. म्हणजे माळा म्हणाल तर जास्त उंच, पोटमजला म्हणाल तर बुटका. असलं बांधकाम नकाशात मंजूर झालेलं असण्याची शक्यता मला कमी वाटते. बहुतेक भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर फॅब्रिकेटर बोलावून ठोकलं असन.

म्हणून तीन कागद मागा. मंजूर नकाशा. भोगवटा प्रमाणपत्रासोबतचा नकाशा. अन् त्या लोखंडी सांगाड्याचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र. आयएस 875 (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणं राहत्या खोलीला दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरावा लागतो. 150 चौरस फूट म्हणजे 14 चौरस मीटर, म्हणजे 2,800 किलोच्या आसपास. हा भार घेणारे आय-बीम कॉलमवर टेकले आहेत, की भोकं पाडून अँकर बोल्टनं नुसते बीमच्या पोटाला लटकवले आहेत, ते स्वतः पाहा. पलंग, कपाट अन् दोन पाहुण्या त्यावर असणार आहेत.

विनापरवाना निघालं तर 1966 च्या नगररचना कायद्यातलं कलम 53 आहेच, बांधकाम पाडायच्या नोटिसीचं. नोटीस येईल तेव्हा बिल्डर दुसऱ्या साइटवर असते अन् घरमालक तुम्ही.

पिंपळपान | 7 एप्रिल, रात्री 10:30

वाचून पोटात गोळा आला. आजच तिथं परत गेले होते. बीमखाली मोजलं, 5 फूट 4 इंच. माझी उंची 5 फूट 3. तेव्हा फार आनंद झाला होता.

निवृत्त_लेखापाल | 8 एप्रिल, सकाळी 6:30

पिंपळपान ताई, अभियंत्यांनी लोखंडाचं सांगितलं, मी पैशांचं सांगतो.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जाऊन त्याच इमारतीतल्या झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक 2 काढा. त्यात क्षेत्रफळ आणि मोबदला दोन्ही असतात. बिल्डर तोंडानं काय भाव सांगतो त्यापेक्षा शेजाऱ्यानं काय दिलं ते पाहावं.

दुसरं, कर्ज. रिझर्व्ह बँकेची वरची मर्यादा अशी की 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांच्या कर्जात 80 टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत, ते तुमच्या खिशातून. आणि किंमत म्हणजे तुमचा सौदा नव्हे, बँकेचा मूल्यमापक जी ठरवेल ती. तो कागदावरचं क्षेत्रफळ धरतो.

मुद्रांक शुल्कात घर महिलेच्या नावावर असेल तर 1 टक्का सवलत आहे, ती सोडू नका, भावनेच्या भरात वडिलांचं नाव जोडण्याआधी विचारून घ्या. नोंदणी फी 1 टक्का, पण 30 हजारांच्या वर जात नाही. नागपुरात मेट्रोचा 1 टक्का अधिभार आहे. भोगवटा प्रमाणपत्र झाल्यानंतरच विकत घेताय, म्हणजे जीएसटी लागत नाही, कोणी मागितला तर देऊ नका.

तिसरं, जमीन कोणाची ते पाहा. आपल्या जुन्या वस्त्यांत नासुप्रचे (नागपूर सुधार प्रन्यास) आणि नझूलचे (सरकारी जमीन) भाडेपट्ट्याचे भूखंड बरेच आहेत. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. पट्टा असेल तर मुदत कधी संपते, नूतनीकरण झालं का, हस्तांतरणाला परवानगी लागते का, हे वकिलाकडून लेखी घ्या. सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोज्यांचा तपास) 30 वर्षांचा.

आणि चौथं, जे लोक विसरतात. इमारत 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन मागा. त्यात प्रत्येक फ्लॅटचा जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. त्या टक्क्यात वरचे 150 फूट आहेत का, एवढंच पाहा. नसतील तर 12 लाख 60 हजार तुम्ही हवेला देत आहात.

अंबाझरी_ओव्हरफ्लो | 8 एप्रिल, दुपारी 1:15

नावावरून कळलंच असेल मी कुठं राहतो. 2023 च्या सप्टेंबरात 22 आणि 23 च्या मधल्या रात्री अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी रस्त्यावर आली आणि आमच्या तळमजल्यावरचा सोफा छताकडे निघाला. तुम्ही चौथ्या मजल्यावर आहात, घर कोरडं राहील. पण लिफ्टचा खड्डा, पाण्याची मोटर, वीज मीटर आणि पार्किंग खालीच असणार. त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं ते वॉचमनला नाही, समोरच्या किराणावाल्याला विचारा. तो हात लावून दाखवेल.

बर्डीचा_बाप्पा | 8 एप्रिल, रात्री 10:05

एवढे कागद वाचण्यापरिस एखादा प्लॉट घ्या अन् बांधा. नागपूरचा माणूस जमिनीवर राहते. 1 बीएचके उद्या विकाले काढला तर गिऱ्हाईक कोठून आणसान?

पिंपळपान | 8 एप्रिल, रात्री 10:20

बाप्पा, प्लॉट कुठं, वर्धा रोडला बुटीबोरीजवळ? एकटी बाई, रोज बांधकामावर विटा मोजायला कोण उभं राहणार? आणि मला विकायचं नाहीये, राहायचंय.

तर्री_कमी | 8 एप्रिल, रात्री 10:50

बाप्पाचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. आपल्याकडे कुटुंबवाला 1 बीएचके पाहतच नाही, त्याला 2 पाहिजे. पण भाड्याला 1 बीएचके लवकर जातो: नर्सेस, बँकेत बदली झालेले, मिहानवाले. माझा धंतोलीतला एक आठवडाभरसुद्धा रिकामा राहत नाही. फक्त त्याला जिना नाही.

(बाप्पा, बुटीबोरीच्या प्लॉटचा आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) झाला का ते पण सांगा. माझ्या साळ्याचा गुंठेवारीचा कागद अजून फाइलमध्येच झोपलाय.)

पिंपळपान | 27 एप्रिल, रात्री 11:00

अपडेट. जरा मोठं आहे.

सूची क्रमांक 2 काढली. तिसऱ्या मजल्यावर, बरोबर माझ्या खालचा फ्लॅट मागच्या वर्षी विकला गेलाय. 37.16 चौरस मीटर, म्हणजे 400 चौरस फूट, साडेबत्तीस लाखांना. तिथं हॉलच्या मागच्या भागात भिंत आहे आणि छोटी बेडरूम आहे. मंजूर नकाशात माझ्याही फ्लॅटमध्ये तीच भिंत आहे, तीच बेडरूम. बिल्डरनं ती भिंत घातलीच नाही, उंची मोकळी ठेवली आणि बेडरूम उचलून वर टांगली. स्लॅबवाला दादा, तुम्ही न पाहता बरोबर बोललात. वरचे 150 फूट कुठल्याच नकाशात नाहीत. डिक्लरेशनमध्येही नाहीत, माझा हिस्सा खालच्या ताईंइतकाच.

मग बँकेचा मूल्यमापक आला. पन्नाशीचे गृहस्थ, हातात लेझरचं यंत्र, खिशात तरीही टेप. खालचं सगळं मोजलं. मी म्हटलं, सर, वर? ते जिन्याच्या तीन पायऱ्या चढले, मान वाकडी करून पाहिलं, कठड्याला बोटानं टकटक केली आणि उतरले. म्हणाले, "मॅडम, हे फर्निचर आहे." मी हसले. ते हसले नाहीत. त्यांच्या अहवालात 400 फूट, 33 लाख 60 हजार. बँक म्हणते 28 लाख देऊ.

म्हणजे 46.20 मधून 28 गेले, उरले 18 लाख 20 हजार, वर मुद्रांक शुल्क. माझ्याकडे सगळं मोडून 12 लाख आहेत.

निवृत्त_लेखापाल | 28 एप्रिल, सकाळी 6:10

मूल्यमापकाला माझा नमस्कार सांगा. आता तुमच्याकडे सौदा करायला कागद आहे. 400 फुटांचे पैसे, वरचं फर्निचर म्हणून वेगळे दोन-अडीच लाख. त्यापुढं एक रुपया नाही. आणि त्यांनी फर्निचर म्हणून जरी दिलं, तरी अभियंत्याचं प्रमाणपत्र सोडू नका.

स्लॅबवाला | 28 एप्रिल, रात्री 8:15

किंवा सरळ म्हणा, लोखंड काढून घ्या, नकाशातली भिंत घालून द्या, खालच्या ताईच्या भावात घेतो. तो काय म्हणते ते मले सांगा, ऐकाची इच्छा आहे.

माहेर_महाल | 28 एप्रिल, रात्री 9:00

आणि मे?

पिंपळपान | 17 मे, रात्री 9:35

काकू, मे.

आज शनिवार, बरोबर तीन वाजता गेले. बाहेर 44. भिंतीवर लावायचा साधा तापमापक पर्समध्ये घेऊन गेले होते. वॉचमन माझ्याकडे डॉक्टरीणबाईकडे पाहावं तसा पाहत होता. खाली हॉलमध्ये अर्धा तास ठेवला, 37. वर गादीच्या जागी अर्धा तास, 42. वरच्या फळ्या पायाला गरम लागत होत्या. कठड्याच्या लोखंडी पट्टीला हात लावला तो लगेच काढला. खिडकी नाहीच, आणि मागच्या भिंतीला पाडता येते का विचारलं तर ती शेजारच्या फ्लॅटची भिंत निघाली. मी वर दहा मिनिटं बसून पाहिलं. मनातल्या मनात लावलेले पडदे तिथंच काढले.

तिथून बिल्डरच्या ऑफिसात. (तिथं एसी 20 वर होता, सांगून ठेवते.) मी दोनच गोष्टी म्हटल्या. एक, खालच्या फ्लॅटइतके पैसे, वरचं फर्निचर म्हणून दोन लाख वेगळे. दोन, वरची जागा करारनाम्यात लिहा, मोजमाप आणि प्रमाणपत्रासकट. पैशांवर ते बोलायला तयार होते, 46 चे 41 पर्यंत दहा मिनिटांत आले. पण लिहायचं म्हटल्यावर खुर्ची मागं सरकवली. "अहो ताई, ते कागदावर कसं आणता येईल? ते तर तुम्हाला आमच्याकडून प्रेमानं आहे." मी म्हटलं, प्रेमाचे 8,400 रुपये फूट लावलेत तुम्ही.

स्लॅबवाला दादा, भिंत घालून द्या हेही विचारलं. म्हणाले, मग त्यात विकण्यासारखं राहिलं काय.

टोकन परत मागितलं. पुढच्या आठवड्यात या म्हणालेत.

बर्डीचा_बाप्पा | 17 मे, रात्री 9:50

"प्रेमाचे 8,400 रुपये फूट"! ताई, एक नंबर. मी प्लॉटचं बोलणं मागं घेतो.

तर्री_कमी | 17 मे, रात्री 10:30

चेकची पावती आहे ना? व्हॉट्सॲपवर "टोकन परत करतो" एवढं तरी लिहून घ्या. तोंडी काही नको, तुमचाच नियम.

माहेर_महाल | 18 मे, सकाळी 7:00

42 मध्ये दहा मिनिटं बसलीस? कांदा होता का पर्समध्ये? पाणी पी.

पिंपळपान | 21 जून, रात्री 10:15

टोकन मिळालं. तीन चकरा, 21 हजार पूर्ण, चेकनं. शेवटच्या चकरेला बाबा सोबत आले होते, ते काहीच बोलले नाहीत, नुसते समोरच्या खुर्चीवर पेपर वाचत बसले. बहुतेक त्यानंच काम झालं.

आता त्रिमूर्तीनगरात एक पाहतेय. पुनर्विक्रीतला, 11 वर्षं जुना, चारपैकी दुसरा मजला, म्हणजे डोक्यावर स्लॅब नाही, दुसऱ्याचं घर आहे. सूचीत 42 चौरस मीटर आणि टेप लावला तरी तेवढाच भरतो. भूखंड फ्रीहोल्ड (पट्ट्याचा नाही, मालकीचा), डिक्लरेशन आहे, सर्च रिपोर्ट वकिलांकडे दिलाय. समोरासमोर खिडक्या, त्यामुळे कूलरची हवा आरपार जाते. मालकांनी कूलर लावून दाखवला, ताट्यासुद्धा नव्या होत्या, वाळ्याचा वास येत होता. मेट्रोचं स्टेशन मात्र जवळ नाही, सुभाषनगरपर्यंत ऑटो लागेल. ते मनाला लागलंय अजून. कडुनिंबही नाही.

काल आईला दाखवायला नेलं. ती हॉल, बेडरूम काही न पाहता थेट स्वयंपाकघरात गेली. ओट्याच्या वर नेहमीचा सिमेंटचा माळा आहे, दीड-दोन फूट उंच. तिनं स्टूल मागवलं, चढली, हात आत घालून खोली मोजली. पापडाचे दोन डबे, मोठं पातेलं आणि गौरीचे मुखवटे बसतील असा हिशेब सांगितला. मग मान वळवून मला म्हणाली, "तुला लॉफ्ट पाहिजे होता ना? हा घे."

मालक 34 म्हणतात, मी 32 वर अडले आहे. बँकेच्या मूल्यमापकाची वेळ मंगळवारची. तेच गृहस्थ येणार आहेत.

स्लॅबवाला | 21 जून, रात्री 10:40

11 वर्षं जुनी म्हणता, तर पावसात जा एकदा. न्हाणीच्या खालच्या घराचं छत पाहा, ओल दिसली तर भाव तिथं पाडा. 33 ले सोडू नका.

नवा_सभासद_440010 | 22 जून, दुपारी 12:02

धागा आत्ताच पाहिला. पिंपळपान, तो गोकुळपेठेवाला लॉफ्टचा फ्लॅट अजून आहे का? फोटो मस्त असतील असं वाटतंय. माझ्या भाच्याला पाहायचा होता, ब्रोकरचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?